फराळाचा डबा नंतर, आधी खोलीचं भाडं

वाचकाचं पत्र

ताई, मी ५८ वर्षांची, निगडीत राहते. माझ्याकडे सहा वर्षांपासून एक बाई पोळ्यांना येते. मूळची बीडकडची, पस्तिशीच्या आतली. नवरा भोसरीत ठेकेदाराकडून प्रेसवर कामाला होता, पगार १४,०००. श्रावणात मशिनमध्ये हात सापडला आणि दोन बोटं गेली. ठेकेदाराने एक महिन्याचा पगार दिला, नंतर फोन उचलायचं बंद केलं. तेव्हापासून घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललंय. चार घरच्या पोळ्या करून महिन्याला ९,००० मिळतात. खोलीचं भाडं ५,५००, तीन महिन्यांचं थकलंय. मालक खालीच राहतो. धनत्रयोदशीच्या आत खोली खाली करा, म्हणतो. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. दीर सांगतोय, मुकादमाची उचल घे आणि आमच्याबरोबर ऊसतोडीला चल. नवरा आणि मुलं गावी सासूकडे राहतील.

आमच्या भिशीतल्या बारा जणींनी १४,००० रुपये जमवलेत. बहुतेकींना वाटतं दिवाळी किट द्यावं: साडी, मुलांना कपडे, फराळाचं सामान, आकाशकंदील. वर्षाचा सण आहे, लेकरांचं तोंड गोड होईल. मला वाटतं भाडं भरावं. आमचे हे म्हणतात, एकदा भाडं भरलंस की दर महिन्याला हात पुढे येईल. शिवाय जूनमध्ये तिने माझ्याकडून २,००० घेतले होते, ते मी दिवाळीच्या बोनसमधून वळते करणार होते. आता तेही जिवावर आलंय. काय करावं?

एक भिशीवाली, निगडी


भिशीवाल्या ताई,

भाडं भरा. किट नको. हे दोन शब्दांत सांगून मोकळी झाले असते, पण भाडं कसं भरायचं यात बरंच काही आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मालक काय म्हणतो ते आहे, दीर काय म्हणतो ते आहे, भिशी आणि तुमचे मिस्टर काय म्हणतात तेही आहे. ज्यांचं घर जायची वेळ आली आहे त्या पोळीवाल्या ताई काय म्हणतात, ते कुठेच नाही. तुम्ही विचारलंत का? बहुतेक नसेल. त्यांनी पोळ्या लाटता लाटता पाठमोरं सांगितलं असेल, तुम्ही फ्रीज आवरता आवरता ऐकलं असेल. आपल्या घराघरांत अशी बोलणी पाठमोरीच होतात.

तर उद्या पोळ्या झाल्या की त्यांना दहा मिनिटं बसवा. चहा घ्या, दोघींनी, एकाच संचातल्या कपातून. (वेगळा कप ठेवला असेल तर त्याला यानिमित्ताने निरोप द्या.) मग सरळ विचारा: "खोली सोडायची नाही असं ठरवलंत, तर नेमकं काय काय अडतंय?" मग गप्प बसा. भिशीने पैसे जमवलेत हे पहिल्या वाक्यात सांगू नका. पैसे आहेत म्हटलं की माणूस होकार देऊन टाकतो आणि खरी अडचण पोटातच राहते. कदाचित गटाच्या कर्जाचा हप्ता तुंबला असेल, कदाचित मुलीच्या क्लासची फी असेल, कदाचित व्याजाने पैसे उचलले असतील आणि तो माणूस दारात येत असेल. कदाचित त्यांना स्वतःलाच गावी जावंसं वाटत असेल, आणि तसं असेल तर आपण त्यांना हट्टाने शहरात डांबून ठेवायचं कारण नाही. पण निर्णय त्यांचा हवा. दिराचा नको, आणि भिशीचाही नको.

किटबद्दल माझा एक जुना पराक्रम सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं असंच अडलं होतं. आम्ही सातजणींनी रवा, मैदा, तेलाचा डबा, साखर, साडी असं सगळं टोपलीत सजवून पार्किंगमध्ये समारंभाने दिलं, फोटोही काढला. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा एका स्कूटरच्या मागे जाऊन उभा राहिला, फोटोत यायला तयार होईना. आम्हाला वाटलं, लाजतोय. पुढे कळलं, मावशींनी तेल आणि रवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला निम्म्या भावात विकला होता. भाड्याला पैसे कमी पडत होते. म्हणजे आम्ही दिलेल्या पैशांपैकी निम्मे दुकानदाराने खाल्ले आणि उरलेले अखेर जिथे जायचे तिथेच गेले. तेव्हापासून मी किट या शब्दाला घाबरते.

आता मालक. त्याला खलनायक ठरवू नका. चार खोल्या बांधून भाड्यावर घर चालवणारा माणूस असेल, त्याचीही दिवाळी आहे. त्याला बहुधा या कुटुंबाला घालवण्यात रस नाही, तीन महिने पैसे आले नाहीत आणि पुढेही येतील असं दिसत नाही, ही त्याची खरी भीती. तीन महिने "देतो, देतो" ऐकलेल्या माणसाला चौथं "देतो" चालत नाही, त्याला रक्कम आणि तारीख लागते. म्हणून त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका आणि सगळे पैसे घेऊनही जाऊ नका.

हिशोब असा मांडा. थकलेले १६,५००. भिशीचे १४,०००. त्यातले ११,००० थेट मालकाला, म्हणजे दोन महिने फिटले. उरलेला एक महिना अनामत रकमेतून वळता करून घ्या म्हणावं. अनामत किती दिली होती हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असतेच. ती घटल्याने मालक कुरकुरेल. तेव्हा सांगा की फेब्रुवारीपासून दरमहा हजार रुपये देऊन ती पुन्हा भरून देऊ. भिशीचे ३,००० हातात ठेवा, कशाला ते पुढे सांगते.

बोलायला नवरा-बायको दोघांनी जावं, तुम्ही फक्त बरोबर असा. वाटाघाट तुम्ही करू नका. तुम्ही निघून गेल्यावर त्या जिन्यावरून रोज जायचंय त्यांना. पैसे मोबाइलवरून थेट मालकाच्या खात्यावर पाठवा आणि त्याच्याकडून वहीच्या पानावर का होईना, लिहून घ्या: अमुक महिन्यांचं भाडं मिळालं, एक महिना अनामतीतून वळता, पुढचं भाडं दर महिन्याच्या दहा तारखेला. खाली त्याची सही, यांची सही. साधी गोष्ट आहे, पण अशा खोल्यांमध्ये पावती हा प्रकारच नसतो आणि मग वर्षभराने "तो महिना राहिलाय" हे भांडण उगवतं.

मालक ऐकलाच नाही तर? तर कायदा काय सांगतो ते माहीत असू द्या, पण तो हुकमाचा पत्ता समजा, पहिल्याच डावात टाकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा अकरा महिन्यांचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करावं लागतं. नोंदणी न केल्याबद्दल मालकाला शिक्षाही सांगितली आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी-वीज सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. खोली खाली करून घ्यायचा मार्ग कोर्टातून किंवा सक्षम प्राधिकाऱ्याकडून जातो. सामान बाहेर फेकून कुलूप ठोकणं हा तो मार्ग नव्हे. तसं काही घडलंच तर पोलिसांकडे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, आणि त्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००. पोळीवाल्या ताईंच्या मोबाइलमध्ये तो आजच घालून द्या. मालकासमोर मात्र उच्चारू नका. कोर्टाची भाषा काढली की छप्पर काही महिने टिकतं, पण खालच्या नळावर रोज भांडण सुरू होतं, आणि ते झेलायला त्यांनाच लागतं.

आता ज्याबद्दल तुमच्या पत्रात एका ओळीपलीकडे काही नाही आणि जिथे माझ्या मते खरे पैसे अडकलेत, तिकडे येते. त्या नवऱ्याचा हात.

पगार १४,००० होता. म्हणजे ईएसआयची, कामगारांच्या सरकारी विमा योजनेची, २१,०००ची मर्यादा ओलांडलेली नाही. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या बघा. ईएसआय म्हणून १०५ रुपये कापलेले दिसतील, पाऊण टक्का होतो तो. चिठ्ठीच देत नसतील तर बरोबर काम करणाऱ्या एखाद्या दोस्ताची बघा. नाव ईएसआयमध्ये असेल, तर कामावर झालेल्या अपघातानंतर जितके दिवस काम करता येत नाही तितके दिवस पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. १४,०००च्या हिशोबाने महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास. किती महिने वर्गणी भरली हा प्रश्न कामावरच्या अपघाताला लागू नाही, पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. जखम भरल्यावर वैद्यकीय मंडळ तपासून ठरवतं की कमाईची ताकद किती टक्के गेली, आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. दोन बोटं गेली ही त्या मंडळापुढे जायची गोष्ट आहे, घरात बसून कपाळाला हात लावायची नव्हे.

मला पूर्ण कल्पना आहे, ठेकेदाराने हे काहीच सांगितलेलं नसणार. प्रेसवर बोटं जाणं भोसरी-चाकणकडे इतकं ओळखीचं झालंय की लोक त्याला नशीब म्हणतात. ठेकेदार महिन्याचा पगार देतो तो बरेचदा अपघाताची नोंद होऊ नये म्हणूनच. नाव ईएसआयमध्ये नसलं तरी गोष्ट संपत नाही. ठेकेदाराने वर्गणी भरली नसेल तर मूळ कारखान्याची जबाबदारी असते, आणि असा अपघात सरकारी औद्योगिक सुरक्षा विभागाला कळवणं कारखान्यावर बंधनकारक आहे. ते कळवलंय का, एवढा एक प्रश्न लेखी विचारला तरी बंद पडलेला फोन उचलला जाण्याची शक्यता वाढते.

हे करायला कोणीतरी त्यांच्याबरोबर जायला हवं. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे, तुमच्यापासून लांब नाही. दवाखान्याचे सगळे कागद, केसपेपर, औषधांची बिलं, आधार, बँकेचं पासबुक, असलं तर ईएसआयचं कार्ड, कंपनीचं गेटपास असेल तर तोही, असं सगळं एका पिशवीत घालून जा. इलाज खाजगीत झाला असेल तरी कागद न्या आणि मागच्या महिन्यांचंही मागा. एका खेपेत काम होणार नाही. दुसऱ्या खिडकीवर पाठवतील, सही राहिली म्हणतील, साहेब जेवायला गेलेत म्हणतील. रोजंदारीच्या माणसाची हिंमत तिसऱ्या खेपेला संपते. तुमचे मिस्टर निवृत्त असतील असा माझा अंदाज आहे. "दर महिन्याला हात पुढे येईल" ही त्यांची काळजी त्यांनीच दूर करावी: चार दिवस पिशवी घेऊन या माणसाबरोबर ईएसआयला जावं. तिथले पैसे सुरू झाले की तुमच्याकडे हात पुढे यायचं कारण उरत नाही. आणि पेन खिशाला लावलेला, शांतपणे "लेखी द्या" म्हणणारा एक वयस्कर गृहस्थ शेजारी उभा असला की खिडकीपलीकडचा सूर बदलतो. हे न्याय्य नाही, पण खरं आहे. वर जे ३,००० बाजूला ठेवायला सांगितले, ते या खेपांच्या रिक्षा-बसला, झेरॉक्सला आणि तेवढ्या दिवसांच्या भाजी-दुधाला.

हे पैसे दिवाळीपूर्वी हातात पडणार नाहीत, हे उघडच आहे. हक्काचे पैसे चालत येतात, भाडं पळत येतं. तुमच्या भिशीचे १४,००० या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यावर टाकायची फळी आहेत. मैत्रिणींना असं सांगून बघा, किटचा आग्रह धरणाऱ्याही ऐकतील.

ठेकेदाराकडून आणखी एक येणं असू शकतं. २० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो. हा विचित्र आकडा म्हणजे वर्षाचा बारावा भाग, आपल्या जुन्या "तेराव्या पगाराचा" हिशोब. मोजणीला कायद्याची मर्यादा असते, त्यामुळे पूर्ण पगाराइतका येईलच असं नाही. पण मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा बोनस नोव्हेंबर संपेपर्यंत द्यायचा असतो, आणि आज माणूस कामावर नाही म्हणून मागच्या वर्षीचं काम पुसलं जात नाही. पीएफ कापत असतील तर आजारपणासाठी त्यातूनही रक्कम काढता येते. तो अर्ज मोबाइलवरून होतो, नववीतली मुलगी करून देईल, फक्त खात्याला आधार जोडलेला हवा.

आता तुमचा बोनस. चार घरं आहेत. चारही घरी दिवाळीला एक पगार द्यायची रीत पाळली तर ९,००० होतात. म्हणजे येत्या महिन्याचं भाडं आणि वर फराळाचं सामान. हे पैसे वसुबारसेच्या आत, रोख द्या. उरलेल्या तीन घरांशी तुम्हीच बोला. पोळीवाल्या ताईंनी स्वतः मागितलं तर तो तगादा वाटतो, तुम्ही सुचवलंत तर ती आठवण होते. साडी आणि मिठाईचा बॉक्स हा त्या पगाराचा भाग धरू नका. भिशीच्या मदतीत हा बोनस मिसळूही नका, तो त्यांनी वर्षभर लाटलेल्या पोळ्यांचा आहे. त्या २,०००चं म्हणाल तर तुम्हाला जिवावर आलंय ते बरोबरच आलंय. बोनसमधून कापू नका. ईएसआयचे पैसे सुरू झाल्यावर महिन्याला दोनशेप्रमाणे घ्या, किंवा सोडून द्या. पण सोडणार असाल तर तसं स्पष्ट सांगा. न बोलता सोडलेली उचल माणसाच्या मानेवर बसून राहते.

उचल म्हटल्यावर दिराच्या सल्ल्याकडे यायलाच हवं. दीर वाईट नाही. त्याच्या घरी दसऱ्यानंतर सगळेच कोयता घेऊन निघतात, त्याला माहीत असलेला मार्ग त्याने दाखवला. पण एक बघा: नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्याचा हात निकामी, म्हणजे यांची गणती अर्ध्या कोयत्यात. उचल आधी मिळते आणि अंगावर बसते, पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यात जातात, फिटली नाही तर पुढच्या हंगामात बाकी. राहायचं ते फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या आडोशाला. १६,५०० रुपयांसाठी खोली गेली, तर त्या बदल्यात हे मिळतं. मुलं गावी आजीजवळ राहिली तर मुलाची पाचवी कशीबशी निभेल. मला काळजी मुलीची आहे. नववीतली पोरगी, आई ऊसतोडीला, बाप हाताने अधू. अशा घरात "स्थळ चांगलं आलंय" हे वाक्य कधी ऐकू येईल सांगता येत नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाही, त्या भागात हे घडतं म्हणून लिहिते. पोळीवाल्या ताईंना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार, कदाचित त्यांचं स्वतःचं लग्न असंच झालं असेल. म्हणून त्यांना यावर भाषण देऊ नका. मुलीची दहावी इथेच व्हावी असं वाटतं का, एवढंच विचारा.

किरकोळ दोन गोष्टी. रेशनकार्ड गावचं असलं तरी प्राधान्य किंवा अंत्योदयातलं असेल तर धान्य निगडी-भोसरीतल्या दुकानातही अंगठा लावून मिळतं. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, म्हणजे चौघांचं २० किलो, आणि तेही मोफत. अनेकांना वाटतं त्यासाठी गावीच जावं लागतं. आणि भाड्यासाठी खाजगी सावकाराकडे गेले असतील तर त्याच्याकडे परवाना आहे का बघा. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे होते.

तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्याला मी अगदीच उडवून लावत नाही. मदतीला शेवट असावा, आणि तो आधी सांगितलेला असावा. "ताई, भिशीकडून हे एकदाच. त्यानंतर पैसे नाहीत, पण ईएसआयच्या कामाला आम्ही संक्रांतीपर्यंत बरोबर आहोत," असं स्वच्छ बोला. स्वच्छ बोललेलं लागत नाही. भिशीच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकायचा नाही, नाव घालायचं नाही, "आपण एक घर वाचवलं" असा निरोपही फिरवायचा नाही. पैसे दिल्याची मालकाची पावती सगळ्यांना दाखवा, हिशोब झाला.

फराळाचं विचारलंत ते आता. ज्यांना तोंड गोड करायची हौस आहे त्यांनी आपापल्या घरचा डबा जरूर द्यावा, जसा शेजारच्या घरी देतात तसा. मात्र डबा परत येईल तेव्हा तो रिकामा घेऊ नका. त्यांच्याकडचं जे असेल ते त्यात येऊ द्या, आणि आलेलं घरच्यांसमोर खा. करंज्या असतील तर तुमच्यापेक्षा सरस निघायची तयारी ठेवा, रोज चार घरच्या पोळ्या लाटणारा हात आहे तो.